संग्रहालयात भरलेली ओटी

वन्सं, काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी मी तुमच्या दौंडच्या खोलीचं कुलूप उघडलं. घरमालकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तुमचा भाऊ आत यायला तयार नाही. बाहेर ओट्यावर बसून तंबाखू मळतोय आणि मधूनच विचारतोय, झालं का. मी म्हणते होतंय. खरं तर मी अजून एका वस्तूलाही हात लावलेला नाही. तुमच्या खुर्चीत बसले आहे आणि तुमच्याच कोऱ्या वहीत हे लिहिते आहे. सातवी झालेल्या बाईनं लिहावं म्हणून तुम्ही किती वर्षं माझ्यामागं लागला होतात. आता लिहिते आहे तर तपासायला कोणी नाही.

तुमच्याशी भांडायला आले आहे, हे आधीच सांगते. मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता. सव्वा वर्ष मी त्याची वाट पाहिली. दर रविवारी दुपारी तुमचा फोन वाजला की वाटायचं, आज म्हणतील. तुम्ही हवापाण्याचं बोलायचात, शेवंतीला काय भाव लागला ते विचारायचात, बिबट्या पुन्हा दिसला का ते विचारायचात. तो शब्द काही आला नाही. आणि आता तुम्ही तो घेऊनच गेलात.

लोकांना वाटतं नणंद-भावजयीचं काय एवढं असतं. आपलं होतं. तुमची शाळेतली नोकरी संपली त्या वर्षी तुम्ही कवठ्याला आपल्या घरी आलात आणि माझ्या हातातली फुलांची पाटी खाली ठेवायला लावून म्हणालात, चल, तुला शिरूर दाखवते. मला हसू आलं. शिरूरच्या बाजाराला मी हजारदा गेले असेन. पण तुम्ही मला बाजारात नेलंच नाहीत, इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत नेलंत. गोऱ्या साहेबांची छावणी शिरूरला घोडनदीकाठी होती, त्यांची माणसं इथंच पुरली आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. गवतातून वाट काढत तुम्ही एकेका थडग्यावरचं इंग्रजी वाचायचात आणि मला मराठीत सांगायचात. एक थडगं तान्ह्या पोराचं होतं, वर्षाचंही नव्हतं. मी विचारलं, ह्याची आई कुठं पुरलीय. तुम्ही चष्मा पुसलात आणि उन्हात तासभर त्या आईला शोधत राहिलात. ती सापडली नाही. पण परत येताना एसटीत तुम्ही म्हणालात की इतकी वर्षं पोरांना तिथं नेलं, हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. माझी त्याआधी आणि त्यानंतरही इतकी तारीफ कुणी केलेली नाही.

मग आपल्याला नादच लागला. पुण्यातली सगळी संग्रहालयं झाली. मुंबईचं मोठं झालं. तुम्ही आधी पाटी वाचायचात आणि मग वस्तू बघायचात, मी पाटीकडं ढुंकूनही बघायचे नाही. तुम्ही सांगायचात हे कुठल्या शतकातलं, मी सांगायचे ह्या खलबत्त्याचा तळ एका बाजूला झिजलाय म्हणजे वापरणारी डावखुरी होती. तुमचा भाऊ म्हणायचा, आपल्या रानात काय दगडं कमी आहेत, ती बघायला तिकीट कशाला काढता. आपण दोघी एकमेकींकडं बघून हसायचो आणि पुढची गाडी बघायला लागायचो.

कलकत्ता तुमच्या मनात पहिल्यापासून होतं. साहेबाची पहिली राजधानी, ती बघितल्याशिवाय इतिहास शिकवला असं म्हणायचंच नाही, असं तुमचं चाललेलं असायचं. गेल्या वर्षी पौषात फुलांचा हंगाम उतरला आणि आपण दौंडहून गाडीत बसलो. दीड दिवसाचा प्रवास. तुम्ही वहीत काय काय बघायचं त्याची यादी केलेली, मी पिशवीत चटणी-भाकरी आणि ओटीचं सामान घेतलेलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. एवढ्या लांब कालीमातेच्या गावाला जायचं तर तिची ओटी भरल्याशिवाय यायचं नाही, असं मी गावच्या येमाईला सांगून निघाले होते. देवाधर्माचं तुम्हाला फारसं नव्हतं, पण दुसऱ्याला तुम्ही कधी अडवलं नाहीत.

पहिल्या दिवशीच आपलं वाजलं. माझे गुडघे सुजले होते आणि समोर माणसानं ओढायची रिक्षा उभी. मी म्हटलं बसू या. तुम्ही म्हणालात, माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही, तूही बसायचं नाहीस. मी म्हटलं, आपण न्हाई बसलो तर तो बिचारा आज खाईल काय. तुम्ही त्यावर मला गुलामगिरी वगैरे सांगायला लागलात आणि मी लंगडत लंगडत ती सगळी ऐकली. शेवटी ट्राम आली. ट्राममध्ये मी खिडकीला बसले आणि तुम्ही माझ्या गुडघ्याला बाम चोळलात, सगळ्या बंगाल्यांसमोर. असं होतं तुमचं.

राणीच्या नावाचा तो पांढरा महाल बघितला. भिंतीवर साहेबांची माणसाहून मोठी चित्रं होती. तुम्ही एकेकाचे गुन्हे मला सांगत होतात आणि दर वेळी शेवटी म्हणत होतात, पण चित्र काढलंय बघ कसं. मी बाहेरच्या बागेत माळ्याशी बोलत बसले. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्यानं मला डेलियाचा कंद उकरून दाखवला, मी त्याला खुणेनं सांगितलं की पाणी जास्त होतंय. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तो मान डोलवत होता. तो दिवस फार चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी देवीला गेलो. गर्दी एवढी की माझा पदर एकीकडं आणि मी एकीकडं. तास झाला, दीड तास झाला, रांग जागची हलेना. तुम्ही घड्याळ बघत होतात. तिथलं मोठं संग्रहालय त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद असणार होतं आणि त्याच्या पुढच्या दिवशी आपली परतीची गाडी. तुम्ही म्हणालात, देवी काही कुठं जात नाही, तिला बाहेरूनच हात जोड. मी जोडले. ओटी पिशवीतच राहिली. त्याचा मला राग नव्हता, खरंच नव्हता. वाईट मात्र वाटलं होतं.

त्या संग्रहालयात मधोमध चौक आणि चारी बाजूंनी लांबच लांब पडवी. पडवीत दगडी मूर्ती ओळीनं उभ्या. तुम्ही नाण्यांच्या दालनात शिरलात आणि मी पाय दुखतात म्हणून बाहेर टेकले. समोर एक देवी उभी होती. दोन्ही हात खांद्यापासून गेलेले, नाक उडालेलं. चेहरा मात्र तसाच, शांत. पायाशी पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला. लोक येत होते, तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते, जात होते. तिच्या कपाळाला बोट लागून किती काळ झाला असेल कोण जाणे. माहेरी आलेल्या लेकीला कुणी बस म्हणू नये, तशी ती मला दिसली.

मी उठले. पिशवी काढली. पदर डोक्यावर घेतला, तिच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, पायाशी खण पसरून त्यावर तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी घातली. नमस्कार करून मान वर केली तर शिट्टी वाजत होती.

चूक होती, वन्सं. तेव्हाच कळलं होतं. हजार वर्षांच्या दगडाला कुंकू लावायचं नसतं, त्यानं दगड खराब होतो, हे तुम्ही मला पुण्यातच सांगितलं होतं. पण माझ्या लेखी तो नियम दगडासाठी होता आणि ही बाई होती. पहारेकरी धावत आला, त्याच्यामागं दुसरा. माणसं जमली. कोणी मोबाईल काढले. तो बंगालीत काय काय विचारत होता, मी मराठीत सांगत होते, एकाचं एकाला कळत नव्हतं. तेवढ्यात तुम्ही नाण्यांच्या दालनातून बाहेर आलात. मला इतकं हायसं वाटलं. मी हात केला. पहारेकऱ्यानं ते बघितलं आणि तुमच्याकडं वळून हिंदीत विचारलं, "ये आपके साथ हैं?"

तुम्ही म्हणालात, "नहीं."

तुमची इस्त्रीची सुती साडी, खांद्याला झोळी, हातात वही. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. पुढच्या मूर्तीपाशी गेलात आणि तिची पाटी वाचायला लागलात. मला तुमची पाठ दिसत होती. मग मला घेऊन गेले.

आतल्या कचेरीत मी तासभर बसले. एक म्हातारे साहेब होते, चांगले होते. त्यांनी कुठून आलात विचारलं. मी शिरूर सांगितलं, पुणे सांगितलं, शेवटी नुसतं महाराष्ट्र सांगितलं. त्यांनी एका मुलीला कापूस आणि कसलंसं पाणी देऊन मूर्तीकडं पाठवलं. मला पाणी दिलं. परत असं करायचं नाही असं लिहून त्यावर सही घेतली आणि माझा नारळ मला परत दिला. त्या तासात मला साहेबाची किंवा पोलिसाची भीती वाटली नाही. तुम्ही मला तिथंच सोडून गेलात तर मी घरी कशी येणार, एवढंच डोक्यात होतं. हॉटेलचं नावही मला सांगता येत नव्हतं.

बाहेर आले तर तुम्ही फाटकाच्या पायरीवर बसला होतात. दोन्ही हातांत चहाचे मातीचे पेले, दोन्ही गार झालेले. तुम्ही म्हणालात, चल, गाडीला उशीर होईल. गाडी परवा होती.

परतीच्या दीड दिवसात तुम्ही मला संत्री सोलून दिलीत. बिया काढून, वरचे पांढरे धागे काढून. मी ती खाल्ली आणि एक शब्द बोलले नाही. दौंडला उतरताना माझी पिशवी तुम्ही उचललीत. घरी आल्यावर तुमच्या भावानं विचारलं, कलकत्ता कसा. मी म्हटलं चांगलाय. तुमच्याबद्दल मी घरात कुणालाही काही सांगितलं नाही. त्या नारळाची त्यानं चटणी करायला लावली.

मग सुरू झाले रविवारचे फोन. तुम्ही पडवीतलं काहीच झालं नाही असं धरून चालला होतात, पण त्या देवीला मात्र सोडत नव्हतात. तिच्यात आता देव आहे की नाही, यावर आपण महिनेच्या महिने भांडलो. तुमचं म्हणणं, ती आता कला आहे, इतिहास आहे, सगळ्यांची आहे. माझं म्हणणं, नंबर टाकला म्हणून देव उठून जात नाही. तुम्ही म्हणायचात, अगं, भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, हे मी नाही सांगत, तुझा गुरवच सांगेल. मी गुरवाला विचारलं, तो तुमच्याच बाजूनं बोलला. त्या रविवारी तुम्ही खूष होतात. मला राग आला आणि मी म्हटलं, "हात तुटला म्हून बाई काय बाई राहत न्हाई का, वन्सं?"

तुम्ही म्हणालात, "त्या दगडाची ओटी भरलीस, शालन. आणि घरातल्या..."

तेवढ्यावर थांबलात. दूध उतू जातंय म्हणालात आणि फोन ठेवलात. तुमच्याकडं दुपारी कधीच दूध तापत नसे.

तुमचं राहिलेलं वाक्य मला पाठ आहे. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत. तुम्हाला माहेरी येऊन दोन वर्षं झाली होती. नवरा सोडून गेलेला, कुठं आहे पत्ता नाही, मेल्याची खबर नाही, काडीमोडही नाही. ओसरीवर बायका बसल्या होत्या, मी वीस वर्षांची, नवी नवरी, हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकेकीपुढं वाकत होते. तुमच्यापुढं आले. तुम्ही चेहरा जरासा वर केला होतात. एवढासाच. मागून सासूबाई म्हणाल्या, पुढं हो. आणि मी पुढं झाले. पुढच्या बाईच्या कपाळाला बोट लावलं. तुम्ही पदर सारखा केलात, उठलात आणि सगळ्यांना तिळगूळ वाटलात. जूनमध्ये तुम्ही दौंडच्या शाळेत नोकरी धरलीत आणि ही खोली घेतलीत. छत्तीस वर्षांत तुम्ही मला त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. उलट माझ्या पोरांना शिकवलंत, मला वाचायला पुस्तकं आणलीत, मला जग दाखवलंत. मी मात्र मनाशी म्हणत राहिले, तेव्हा लहान होते, सासूबाईंपुढं काय बोलणार होते.

त्या फोननंतर मला वाटायला लागलं की आता फिटलं. तुमचं एक, माझं एक. पण तसं काही फिटत नाही, वन्सं. मी तुमच्यावर रागावलेलीच राहिले. तुम्ही म्हणालात, पणजीला जाऊ, पोर्तुगीजांची चर्च बघू. मी म्हटलं, लग्नसराईची फुलं आहेत. पुन्हा म्हणालात, मी म्हटलं, माझे गुडघे. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंच नाहीत. मला वाटत होतं की आधी तो एक शब्द येऊ दे, मग बघू. तुम्हालाही तसंच वाटत असेल. दोघी हट्टी.

चैत्रात तुमच्या शेजारणीचा फोन आला. सकाळी दाराशी पाणी भरताना बसलात त्या उठलाच नाहीत. तुमचा भाऊ गाडी काढेपर्यंत मी घरात गेले. मला रडू येत नव्हतं. मी कपाटातून हिरवा खण काढला, नवाकोरा. देव्हाऱ्यासमोरचा नारळ घेतला, तांदूळ घेतले, हळदीकुंकवाची डबी घेतली आणि पिशवीत घातलं. कुणाला सांगितलं नाही. कवठ्याहून दौंडपर्यंतच्या वाटेत मनाशी घोकत होते की आज मी तुमची ओटी भरणार, कोण काय म्हणतं ते बघतेच. मला वाटत होतं, तो शब्द आधी मीच उच्चारणार. तुमच्या कानावर पडणार नाही, तरी उच्चारणार.

इथं, ह्याच खोलीत, तुम्हाला आंघोळ घालून निजवलं होतं. दारात तुमचे विद्यार्थी उभे, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, रडत होते. आत बायका होत्या. सवाष्ण म्हणून न्यायची की कशी, यावर त्यांचं हळू आवाजात चाललं होतं. नवरा आहे की नाही तेच कुणाला ठाऊक नाही. शेवटी माझ्या चुलत सासूबाई माझ्याकडं वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भावजय तू हायेस शालन. तूच सांग. हिची ओटी भरायची का न्हाई?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. उद्या गावात काय बोलतील, माझ्या सुनेच्या माहेरची माणसं काय म्हणतील, असलं काहीबाही डोक्यात आलं, सगळं एकदम. मी खाली बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

त्या म्हणाल्या, मग ऱ्हाऊ द्या. आणि राहिलं.

तुम्हाला असल्या रिवाजांचं काही नव्हतं, तुम्ही हसला असतात, असं मी तेरा दिवस स्वतःला सांगून पाहिलं. मग त्या संक्रांतीला चेहरा वर का केला होतात.

माझं भांडण संपलं, वन्सं. तुम्ही "नहीं" किती पटकन म्हणालात, याचंच मी सव्वा वर्ष नवल करत होते. चार माणसं बघत असली की ते किती सोपं जातं, ते आता मला कळलं आहे. तुम्ही निदान नंतर पायरीवर बसून राहिलात. मी तुम्हाला जाऊ दिलं. खण, नारळ, तांदूळ, कुंकवाची डबी, सगळं होतं. पिशवी माझ्या हातातच होती.